कुरुंदवाडच्या शेडमधली पद्मिनी: दीड लाखाची सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एकांनी कुरुंदवाडहून १९८२ ची प्रीमिअर पद्मिनी घेतली आहे. पाच-सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम नाही, पत्रा चांगला आहे, असं विकणाऱ्याचं म्हणणं. आरसी अजून त्याच्या वारलेल्या काकांच्या नावावर. हाताशी दीड लाख रुपये. यादीत रंग, अलॉय व्हील, एसी, म्युझिक, आणि जमलं तर मारुतीचं इंजिन. वर्षभरात आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जायची इच्छा. एक मिस्त्री म्हणतो आधी इंजिन खोला, दुसरा म्हणतो आधी रंग काढा. ऐकायचं कुणाचं?

सध्या दोघांचंही ऐकू नका. कारण तुमच्या हातात असलेली यादी कुठल्याही पद्मिनीची आहे, तुमच्या पद्मिनीची नाही. ती गाडी आतून कशी आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. ते पाहिलं की निम्मा क्रम आपोआप ठरतो. उरलेल्यासाठी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हे आज केलं नाही तर काय होईल? ब्रेक राहिला तर जीव जाईल. पेट्रोलचा पाइप राहिला तर गाडी जळेल. गंज राहिला तर दर पावसाळ्यात बिल वाढेल. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं काम राहिलं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, जाईल. रंग राहिला तर काहीच होणार नाही. उलट रंगानंतर केलेलं प्रत्येक काम त्या रंगाला कुठे ना कुठे ओरखडा पाडून जातं.

पहिले पैसे आरटीओत जाऊ द्यात. मूळ मालक हयात नाहीत, म्हणजे मालकी बदलायच्या नुसत्या फॉर्म २९ आणि ३० वर भागणार नाही. आधी फॉर्म ३१ वर गाडी वारसाच्या नावावर, मग वारसाकडून २९-३० वर तुमच्या नावावर. एकापेक्षा जास्त वारस असतील तर बाकीच्यांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी रंगवून उभी राहिली की त्या सह्यांचा भाव वाढतो. नोंदणी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, या हिशेबाने १९८२ च्या गाडीचा २०२२ चा टप्पा ती शेडमध्ये असतानाच येऊन गेला असणार. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. तपासणीला गाडी दाखवावी लागते, तेव्हा कागद आज सुरू करा आणि प्रत्यक्ष तपासणी ब्रेक-लाइटचं काम झाल्यावर ठेवा. तोवर चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून घ्या. नंबर ठोकलेल्या पत्र्याला ग्राइंडर लागता कामा नये.

आता गाडीकडे. नदीकाठचं कुरुंदवाड आणि पाच-सहा वर्षं, हे दोन शब्द एकत्र वाचले की २०२१ चा महापूर डोळ्यासमोर येतो, आणि हिशेब थोडा मागे-पुढे असेल तर २०१९ चाही. शेड उंचावर होती की नव्हती हे विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. गाडीलाच विचारा. मागची सीट उचला आणि सीटच्या स्प्रिंगा बघा. पाणी चढलेलं असेल तर एका ठरावीक उंचीपर्यंतच त्या लाल गंजलेल्या दिसतात, वरचे वेढे बरे असतात. दरवाज्याचं आतलं पॅनेल काढा, हेडलाइटची वाटी बाहेर घ्या. बाहेरून कितीही धुतली तरी तिथे पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ सापडतो. शेवटची खूण डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याची. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, सकाळी ड्रेन प्लग हळूहळू सैल करा आणि पहिले दोन चमचे स्टीलच्या वाटीत धरा. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे आत पाणी असेल तर तेलाच्या आधी तेच येतं. गिअरबॉक्सला तसंच करा.

पुराची खूण सापडली तर दीड लाखाची वाटणीच बदलते. चारही चाकांचे बेअरिंग, डिफरन्शियल, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा), सेल्फ (स्टार्टर) आणि निदान डॅशबोर्डखालचं वायरिंग एवढं ब्रेकच्या जोडीला आधी, बाकी सगळं पुढच्या वर्षी. नाही सापडली तर पुढे चला.

पत्रा बघताना एक लक्षात ठेवा की या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. खालचा पत्रा, दरवाज्याखालचे सिल आणि बॉक्स सेक्शन हीच तिची चासी. त्यामुळे सिल सडलं तर तो प्रश्न दिसण्याचा राहत नाही. मॅट आणि त्याखालचा नमदा पूर्ण उचला. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी नेमकं तिथे झिरपतं आणि नमदा महिनोन्महिने ओला राहतो. जॅक पॉइंट, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल जिथे बसतात ती जागा आणि पुढच्या सस्पेन्शनची पकड, इथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आला तर लांबी (पत्र्यावर भरलेली पुट्टी) नाहीतर जुनं ठिगळ. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी जाड आहे. खालून डांबराचा जाड थर मारलेला असेल तर खूश होऊ नका, वरून कीर्तन आतून तमाशा असाच तो प्रकार असतो. थर थोडा खरवडूनच निर्णय घ्या.

सिल कापायचे असतील तर दरवाज्याच्या चौकटीत आधी आडवे-तिरके पाइप टाचून घ्या आणि गाडी चाकांवर उभी असतानाच वेल्डिंग करा. जॅकवर लोंबकळत ठेवून सिल बदललं तर गाडी मध्ये वाकते आणि पुन्हा दरवाजे कधी नीट लागत नाहीत. सीओटू वेल्डिंगच करून घ्या, साध्या आर्कने हा पत्रा जळतो. फरशीला २० गेजचा सीआर पत्रा, जॅक पॉइंट आणि सिलच्या आतल्या पट्टीला १८. वेल्डिंगनंतर पोकळ भागात वॅक्स मारा आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. बरेच वेल्डर ती भोकं बंद करून टाकतात आणि तीन पावसाळ्यांत नवं सिल जुन्याच्या वाटेने जातं.

तपासणीतली शेवटची गोष्ट इंजिन. एवढी वर्षं उभं राहिलेलं इंजिन सेल्फ मारून उठवू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या. मग हाताने फिरवा. अडखळत असेल तर जोर लावू नका, आणखी तेल सोडून वाट बघा. मोकळं फिरलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदलून २०डब्ल्यू-५० भरा आणि प्लग न लावताच, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. एवढं झाल्यावरच प्लग लावून चालू करायचं. गरम झालं की चारही प्लग पुन्हा काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. आकडा किती आला यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. चारही १२० पीएसआयच्या आसपास सारखे असतील तर इंजिन खोलायचं काहीच कारण नाही, मिस्त्री काहीही म्हणो. एकच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन खाली असतील तर हेड गॅस्केट.

इथपर्यंत खर्च फार झालेला नसतो आणि गाडीची खरी यादी तयार असते. ब्रेकचं काम मात्र तपासणीत काहीही निघो, करायचंच आहे.

चारही चाकांना ड्रम, आणि या काळातल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलचं सर्किट एकच. म्हणजे कुठल्याही एका चाकाचा रबर कप (ब्रेक ऑइल अडवणारा सील) फाटला की पायाखालचा अख्खा ब्रेक गेला. त्यामुळे 'एका चाकाचं किट टाकू' ही काटकसर इथे चालत नाही. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर आणि तिन्ही रबरी होज (पुढच्या दोन चाकांचे दोन आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारा एक) एकाच वेळी करा. व्हील सिलिंडर उघडल्यावर आतून नख फिरवा. नख कुठेही अडकलं तर नुसतं पॉलिश मारून नवा कप बसवू नका, खड्ड्यावर कप आठ-पंधरा दिवसांत कापला जातो. सिलिंडर नवा घ्या किंवा स्लीव्ह घालून घ्या. उद्यमनगरात हे काम नीट करणारे लेथवाले आहेत, आणि ड्रमही तिथेच फिरवून मिळतील. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारखेच फिरवा, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. ड्रम मर्यादेबाहेर झिजलेला असेल तर फिरवायचा नाही, बदलायचा. पातळ ड्रम घाटात तापून फाकतो.

कप बसवताना हात आणि भाग डिझेलने धुवायची आपल्याकडे सवय आहे. ती इथे महागात पडते. खनिज तेल लागलं की ब्रेकचा रबर फुगतो, कप परत फिरत नाही आणि चाक जाम होतं. धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिटच वापरा. आणखी एक, पद्मिनीचे बरेच सुटे भाग आता जुन्या साठ्यातले असतात. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे मोठं गिऱ्हाईक गेलं आणि दुकानातला माल तसाच पडून आहे. लोखंडी भाग जुन्या साठ्यातला चालतो, कधी कधी तोच चांगला असतो. रबर मात्र डब्यातही म्हातारा होतो. कप घेताना कड दुमडून बघा, बारीक चिरा दिसल्या तर सीलबंद असला तरी परत द्या.

ब्रेक ऑइल डॉट ३. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना ते सुमारे २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास. आंबा घाट उतरताना ड्रमपाशी एवढी उष्णता सहज होते, ऑइल उकळून वाफ धरते आणि पेडल सरळ फरशीला जातं. म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढून टाका. आधी शू ॲडजस्ट करा, मग हवा काढा. सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

स्टिअरिंग तपासायला पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग सैल आहे, चालूच राहिलं तर किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती पिन, गेली. किंगपिनचं किट बसवताना बुश पिनेच्या मापाला रीमरने काढावा लागतो, हातोडीने ठोकून बसवणाऱ्याला काम देऊ नका. आणि स्टिअरिंगमध्ये खेळ आहे म्हणून बॉक्सचा स्क्रू आवळत बसू नका. बॉक्समधला वर्म (स्क्रूसारखा गिअर) मधोमध झिजलेला असतो, तिथला खेळ काढला की पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकतं. आधी टाय रॉडचे एंड बदला, बऱ्याचदा खेळ तिथेच निघतो. टायरची नक्षी बघू नका, बाजूवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीचे टायर उभे राहून चपटे पडलेले असणार, पाचही बदलायचे. रेडिअल घेतले तर सगळे रेडिअल. याच कारणाने अलॉयचे पैसे मी टायरमध्ये घालीन.

पेट्रोलकडे येऊ. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी १९८२ च्या रबराला ते मानवत नाही. टाकी उतरवून आत बघा. जुन्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येतो आणि तळाला तांबडा चिखल असतो. टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका, आत वाफ असते. धुऊन, गंज काढून बसवली की टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घ्या, जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच आतल्या मापाचे. पेट्रोल पंपाचा डायफ्रामही बदला. तो फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल आपोआप वाढलं आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा. नव्या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं, प्लग पांढरट दिसायला लागले तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक पायरी मोठा लागेल.

पाण्याचं काम इंजिन वाचवणारं आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनिअमचं, त्यामुळे एकदा गरम झाली की हेड वाकतं. रेडिएटर उलटा धुऊन, गरज असेल तर नवा कोअर, सगळे होज, फॅन बेल्ट. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या भोकातून थेंब गळत असेल तर तिचा सील गेला आहे. बोअरचं पाणी बंद, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल, बहुतेक गाड्यांत असतोच, तर परत बसवा. तो नसला की इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये चिखल धरतं. ड्रेन प्लग उघडलेलेच आहेत, तर गिअरबॉक्सला जीएल-४ आणि डिफरन्शियलला ९० नंबरचं हायपॉइड भरून टाका.

वायरिंगमध्ये बिघाड शोधण्याआधी अर्थ बघा. इंजिन आणि बॉडी यांच्यातली पट्टी गंजली की सेल्फचा करंट ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना ती केबल कोमट लागली तर दोष तिथेच. मीटर असेल तर सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. फ्यूजची टोकं सॅण्डपेपरने घासा, निम्मे 'गूढ' बिघाड तिथे संपतात.

आता सुधारणा. पैसे उरले तर मी या क्रमाने करीन: पुढे सीट बेल्ट, हेडलाइटला रिले, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर. ६०/५५ वॅटचे दोन एच४ बल्ब जवळजवळ १० अँपिअर ओढतात आणि तेवढा करंट जुन्या स्विचमधून गेला तर स्विच वितळतो. म्हणून बल्बच्या आधी रिले, जो हा करंट स्विचला टाळून वेगळ्या वायरने नेतो. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर ब्रॅकेट करून बसवतात, मग इलेक्ट्रिक फॅनही झेपतो. एसी मात्र नको. १०८९ सीसीच्या, चाळीसच्या आसपास ताकदीच्या इंजिनावर कॉम्प्रेसर लटकवायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि पन्हाळ्याच्या चढावर पहिला बळी पाण्याचा जाईल.

मारुतीचं इंजिन तर अजिबात नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आधी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. त्याहून मोठं कारण पुढचं आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून वेगळ्या 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. त्या वर्गात रोजच्या वापराला बंदी असते, तेव्हा तो पर्याय घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवाल. पण तुमची गाडी २०३२ मध्ये तिथे पोहोचते, आणि इंजिन बदललं तर तो दरवाजा आजच बंद होतो. काढलेला डायनॅमो, जुने बल्ब-होल्डर, मूळ व्हील कॅप, सगळं नावं लिहून खोक्यात ठेवा.

दीड लाखाची वाटणी पत्र्यावर अवलंबून आहे. पत्रा खरंच चांगला निघाला तर कागद, ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोल आणि पाणी एवढं त्यात बसवता यावं. निदान तीस हजार हात न लावता बाजूला ठेवा, ते कुठे जातील हे गाडी उघडल्यावर कळेल. सिल आणि फरशी सडलेली निघाली तर पत्रा आणि ब्रेक यातच पैसे संपतील, गणपतीपुळे एक वर्ष पुढे जाईल. आणि सस्पेन्शनची पकडच कुजलेली असेल तर 'विकून टाक' असं कुणी म्हणालं तरी ते चुकीचं नाही. रंगाला मी या पैशात जागा देणार नाही. उघडा पडलेला पत्रा गंजू नये म्हणून इपॉक्सी प्रायमर मारा आणि एक पावसाळा तसाच फिरवा. पाणी कुठून आत येतं, वेल्डिंग कुठे फुगतं, हे रंगाआधी कळलेलं बरं.

चाचणीसाठी आधी शहरात फिरवा, नंतर पन्हाळा. चढताना टेम्परेचर बघा, उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर लगेच चारही चाकांपाशी हात न टेकवता धरून बघा. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तो ब्रेक चिकटतोय, शू सैल करून किंवा तो सिलिंडर पुन्हा उघडून दुरुस्त करा आणि परत पन्हाळा करा. असं दोन-तीन फेऱ्यांत चारही चाकं सारखी आली, पेडल खाली बसलं नाही आणि पाणी कमी झालं नाही, की मग आंबा घाट. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा सेट, रेडिएटरचा वरचा होज, फ्यूज, पाच लिटर पाणी आणि डॉट ३ ची सीलबंद बाटली ठेवा. अर्धी वापरलेली बाटली नको, ती आतापर्यंत ओल पिऊन बसलेली असते.